दाखवून आणला

बाहेर नवतपा.
सेहेचाळीस पॉइंट दोन, खालच्या पानठेल्यावरचा रेडिओ सांगतो.
मी धरमपेठेत, दुसऱ्या माळ्यावर,
कुलरमध्ये बादलीभर पाणी ओतून येते,
ओढणीला हात पुसते
आणि टाइप करते:
दिवस पाचवा. हिमनदीचं सरोवर. लोकरीचे मोजे विसरू नयेत.

अकरा वर्षं झाली,
आइसलँड मला सतराच्या पाढ्यासारखं येतं.
स्ट्रोकुरचा फवारा दर सहा-आठ मिनिटांनी उडतो.
चुकला तर थांबावं, पुन्हा येतो,
बुटीबोरीच्या बससारखं नाही.
काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर
समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नये.
नळाच्या गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास असतो,
हॉटेलवाल्याशी भांडू नये.
गवताच्या छपरांची जुनी घरं बघताना
दारात मान वाकवावी.
हे शेवटचं मी माझ्या मनानं घातलंय.
मांढळला मामाच्या घरी वाकवावी लागायची.

माझा स्वतःचा पासपोर्ट कोरा.
त्यातला फोटो तेवढा अजून तरुण आहे.

उमाठे आले ते मागच्या एप्रिलात.
वेकोलित सर्व्हेअर होते, जन्म कोळशाच्या खाणीत गेला.
बाकीचे विचारतात, जेवणात तिखट मिळते काय,
संडासात पाणी असते काय.
उमाठेंनी विचारलं,
"तिथला दगड कोणता जी?"
मी माहितीपत्रक चाळलं.
धबधबा होता, घोडे होते,
दगडाचं काही नव्हतं.
"बसाल्ट," तेच म्हणाले. "काळा. लाव्ह्याचा.
आपल्या सीताबर्डीची टेकडी आहे ना, किल्ल्याखालची,
तिचाच भाऊ.
आपला थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली.
त्यांचा अजून चटका देते."
मग खिडकीतून खाली पाहिलं,
एका पोराची चप्पल डांबराला चिकटली होती.
"वरून मात्र उलटंच वाटते, बाप्पा."

मृग लागायच्या आधी गेले. एकटेच, सोळा जणांच्या ग्रुपमध्ये.

एका पहाटे चारला फोन. मी गच्चीवर, चादर ओली करून झोपलेले.
टूर मॅनेजर थिंगव्हेलिरहून बोलत होता,
जिथं हजार वर्षांपूर्वी माणसं उघड्यावर जमून कायदा करायची,
ना भिंत, ना छप्पर,
एक जण खडकावर उभा राहून नियम तोंडपाठ म्हणायचा;
जिथं जमीन वर्षाला दोन सेंटीमीटर उसवते,
आणि कोणी तिला टाका घालत नाही.
"मॅडम, तुमचे काका भेगेच्या कडेला बसलेत.
खिशातून काहीतरी काढलंय.
त्याच्याशी बोलतात."
किती वाजले तिथं?
"रात्रीचे साडेदहा. ऊन आहे."
मी म्हटलं, बसू द्या.

जुलैत ते पेढे न आणता आले.
टेबलावर लिंबाएवढा काळा दगड ठेवला.
मी चिडले.
सूचना क्रमांक नऊ, मीच लिहिलेली:
तिथून दगड, वाळू, शेवाळ, काही म्हणजे काही उचलू नये.
"तिथला काहून असंन?" उमाठे म्हणाले.
"बर्डीचाच आहे. दाखवून आणला."

कोणाला, ते मी विचारलं नाही.
कोणाला कोण दाखवलं, तेही नाही.

झिरो माइलच्या खांबावर
आइसलँडचं अंतर कोरलेलं नाही.
मी रोज त्याच्यासमोरून स्कूटीनं जाते.

आता तो दगड व्हिसाच्या अर्जांवर असतो,
कुलरच्या वाऱ्यानं कागद उडतात म्हणून.
परवा पुसताना दिसलं,
त्याच्या एका खाचेत वाळू अडकलीय.
काळी. चार-पाच कण.
टाचणीनं निघाली असती.
सूचना क्रमांक नऊ मोडली की नाही,
मला ठरवता येत नाही.
मी टाचणी परत डबीत ठेवली,
आणि पुढच्या ग्रुपचं टाइप करायला घेतलं.
दिवस पहिला. नागपूरहून प्रस्थान.