निरंक

सातपूर ठाण्याच्या खिडकीतली पोरगी म्हणते,
काका, सिस्टीममध्ये अजून दिसतंय.
काय दिसतंय ते ती सांगत नाही,
मागे रांग आहे म्हणून असेल.

हिरामण त्र्यंबक गांगुर्डे, तेव्हा वय चोवीस,
कलम तीनशे सव्वीस, तीन वर्षं सक्तमजुरी.
त्यातले अकरा महिने नाशिकरोडला सतरंज्या विणल्या,
मग जामीन, मग अपील,
मग सतरा वर्षं नुसत्या तारखा.
सुटलो तेव्हा माझे वकील वारलेले होते.
त्यांच्या मुलानं फोनवर वाचून दाखवलं :
आरोपीस संशयाचा फायदा.

फायदा माझ्या नावावर जमा झाला.
संशय कुणाकडे ठेवायचा, ते निकालात नाही.

आता शाळेची व्हॅन चालवायची तर दाखला हवा.
बायको म्हणते, रामकुंडात एक बुडी मारा,
तिथं हाडंसुद्धा विरघळतात.
मी सही-शिक्क्याच्या नकलेसाठी मुंबईला दोन खेपा मारल्या.
शंभराचा स्टॅम्प घेतला.
हा कागद छापतात ती प्रेस तुरुंगापासून लांब नाही,
पहाटे तिचा भोंगा बराकीत ऐकू यायचा
आणि शेजारचा कडू म्हणायचा, चला, कामाला.

सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की
माझ्याविरुद्ध कोणताही गुन्हा सिद्ध नाही.
सिद्ध
नाही.

संपाचा सत्ताविसावा दिवस होता. गेटवर टायर जळत होते.
हातात बेअरिंगची रिंग होती,
मग हातात नव्हती.

डहाळे सुपरवायझर सिडकोत राहतात.
बाजारात दिसले की मी
त्यांच्या डाव्या बाजूनं निघून जातो.
त्या बाजूनं कुणीही गेलं तरी चालतं.

चौथ्या महिन्यात दाखला आला.
गुन्ह्यांच्या रकान्यात एकच शब्द : निरंक.
सुनेनं लॅमिनेशन करून आणलं,
कडेला बुडबुडा राहिलाय, नखानं दाबला तर सरकतो, जात नाही.

काल पवननगरच्या बाजारात
मी उजव्या बाजूनं गेलो.
एवढं जवळ, की त्यांच्या पिशवीतली मेथी कोपराला लागली.
काय बोलायचं ते ठरवलं होतं.
त्यांनीच एक वांगं माझ्यापुढे धरलं,
म्हणाले, जरा बघता का हो, भोक आहे का कुठं,
मला बारीक दिसत नाही आता.

मी पाटीतली वांगी
एकेक उलटून बघत राहिलो.