लामस नदीवरची मोजणी

आमचं तरसूस म्हणजे खिंडीच्या तोंडाशी लोटलेला धोंडा.
डोंगरापल्याड रूमी, अल्याड आम्ही.
बर्फ वितळलं की कधी ते यायचे, कधी आमचे जायचे;
मधल्या गावांतल्या जर्दाळूंना
आपण कुणाच्या राज्यात पिकतोय, पत्ता नसे.

मी कारकून. माझ्याकडे बोरू.
कैदी बदलायच्या वर्षी मला लामसवर नेत.
तिथे शेजारी-शेजारी दोन पूल घालत,
एक त्यांच्या सुतारांचा, एक आमच्या तूमाचा.
(तूमा म्हणे, ओंडके एकाच रानातले आहेत, वास घेऊन बघा.)
इकडून एक सुटे, तिकडून एक.
मी रेघ ओढी.

चौथ्या दिवशी थिओक्तिस्ता निघाली.
अकरा वर्षं आमच्या गल्लीत भट्टीवर रोट्या थापल्या तिनं,
आणि अरबीत अशा शिव्या हासडल्या
की खुरासानहून आलेले लढवय्येही कान पाडून जात.
समोरून हुनैस कुंभार, रूमी बूट घातलेला,
तकबीर ओरडत,
मध्येच खोकला आला त्याला.

पाण्यावर दोघं एका रेषेत आले.
थांबायचं नसतं. ती थांबली.
"कोपऱ्यावरच्या भट्टीत डोकाव जरा," म्हणाली,
"पीठ झाकायचं राहिलंय बहुतेक."

चार दिवसांपूर्वीचं पीठ!
तरी हुनैस आधी भट्टीवर गेला, मग घरी.
पीठ फुगून परातीबाहेर आलेलं,
वाळून भिंतीला चिकटलेलं.
त्याची सुकैना दारात उभी होती सकाळपासून.
हे तिनं पुढे मला किती वर्षं ऐकवलं,
जणू चूक माझ्याच वहीतली.

मग तो उन्हाळा.
वेढा, गाढवाचं मांस, तेही संपलं.
दरवाजे उघडले. तह झाला:
उचलेल तेवढं घेऊन निघा.
कुणी जात्याची एकच तळी उचलली.
कुणी दाराची कडी उपसली, दार राहू दिलं.
सुकैनेनं मडकी घेतली नाहीत,
म्हणाली, माती काय, तिकडेही असेल.

मी वह्या घेतल्या.
वेशीबाहेर सवयीनं बोरू चालू लागला,
एक, आणखी एक, हुनैस, सुकैना,
तूमाची आंधळी आई पाठुंगळीला.

डावा रकाना भरत गेला.
दर नावापुढे मी मान वर करून बघत होतो
समोरून कोण येतंय.