गाळलेलं पाणी

दुसऱ्या दिवशी नदी शाळेच्या चौथ्या पायरीवर.
कुरुंदवाडचा रस्ता नाही, शिरोळचा नाही,
कोल्हापूर फक्त फोनमध्ये, तेही बॅटरी असेपर्यंत.
माझ्या पेटीत गॉजची अकरा पाकिटं,
सिल्व्हरच्या मलमाची एक ट्यूब, पोटात चेपलेली,
आणि हातमोज्यांचा एकच जोड.

चौथी ‘ब’च्या वर्गात, बाकं जोडून,
चंपाक्का चौगुले. वय बावन्न.
तीनशे माणसांची आमटी उतरवताना हंडा कलंडला.
बटाट्याची आमटी. चातुर्मास चालू;
जी ती जिभेला लावणार नव्हती
ती गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांवरून गेली.

पोरींनी लगेच हापशाखाली धरलं, ते बरं केलं.
पुढचा तासभर माझं भांडण जखमेशी नव्हतं.
कुणी टूथपेस्ट आणली, कुणी हळद-लोणी,
एका म्हाताऱ्यानं पेनातली शाई.
“बाई, आमच्यात ह्येच लावत्यात.”
“लावत्यात. आणि मग सडतंय. लांब व्हा.”
उंबऱ्यावर खडूनं रेघ मारली.
आत यायचं तर नखं काढून, कोपरापर्यंत साबण,
साठ आकडे मोजून.
सरपंच एकोणीसला थांबले. परत पाठवले.

मग पाणी हवं होतं. चहूकडे पाणीच होतं,
त्यात फुगलेली म्हैस, डिझेल, अख्ख्या गावाचे संडास;
हापसाही आता त्यातच बुडालेला.
दात आवळून चंपाक्काच म्हणाली,
“माजी कळशी हाय की कोपऱ्यात.
गाळल्यालं हाय, उकळल्यालं हाय. आमी तसलंच पितो.”
पितळी कळशी, तोंडाला दुहेरी फडकं.
साऱ्या शाळेत विश्वास ठेवावा असं तेवढंच पाणी.
तरी मी ते पुन्हा उकळलं, चिमूट मोजून मीठ घातलं,
झाकण ठेवून निवू दिलं.
ती बघत होती,
आपल्या घरची रीत दुसऱ्याच्या हातानं होताना.

तिसऱ्या दिवशी गॉज संपला.
मध लावू का, विचारलं.
“नको. त्यात किती जीव मेल्यात.”
मग बटाट्याची सालं, उकडून?
ती हसली, त्या दुखण्यातसुद्धा.
“त्यानंच भाजलंय आन आता त्योच गुंडाळा!”

शाळेमागं केळी, गळ्याएवढ्या पाण्यात.
तवनाप्पाचा धाकटा दातात विळा धरून पोहत गेला.
पानं धुतली, शिरा काढल्या, सुती लुगड्यात बांधून
खिचडीच्या कुकरमध्ये अर्धा तास.
पान चिकटत नाही.
काढताना कातडं सोबत येत नाही.
त्या दिवशी पट्टी बदलताना
वर्गाबाहेर कुणाला कानावर हात ठेवावे लागले नाहीत.

वर मच्छरदाणी. दर दोन तासांनी दूध, शेंगदाण्याचं कूट.
पहाटे मी वाकून वास घ्यायची,
गोडसर आला तर संपलं.
वास पानाचाच यायचा,
सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशीसारखा.

एका रात्री तिनं विचारलं,
“बाई, तुमी जंतू जंतू म्हणतासा,
त्ये जीवच न्हवं?”
“व्हय.”
“मग ह्ये उकळून उकळून तुमी जे मारालाय
त्ये माझ्यापायी.”
मला काही सुचलं नाही.
उठले, हात धुवायला लागले, साठाच्या पुढे गेले.

सहाव्या सकाळी रबरी बोट आली.
सीपीआरच्या पोरसवदा डॉक्टरनं पान उघडलं,
बराच वेळ काही बोलला नाही.
डाव्या घोट्याशी रुपयाएवढी जागा हिरवी पडली होती.
ती मला दिसायला हवी होती.
तेवढं खरवडून मांडीची कातडी लावली.

मार्गशीर्षात ती उपकेंद्रावर आली, पाय थोडा ओढत.
लुगडं वर करून तो फिका तुकडा दाखवला.
“ह्यो एवढा तुमी सोडलासा.”
मी मान खाली घातली.
“असू दे,” ती म्हणाली.
“त्यांनीबी कुठंतरी ऱ्हायाला पायजे हुतं.”