रोहिणीचा तुकडा

कॅम्पातल्या हॉस्पिटलातून पाषाणपर्यंत
स्कूटरवर पायाशी बर्फाचा डबा,
डब्यात दोन मिलिमीटर रोहिणी.
विद्यापीठ चौकात मेट्रोच्या खांबाखाली सगळं थांबलेलं,
मागचा टेम्पोवाला हॉर्नवर कोपर टेकून बसलेला,
माझ्या कानशिलात ठक ठक.
तीही रोहिणीच, माझी.
शाळेत पाठ केलं होतं: रोहिणी नेते, नीला आणते.
वर्गात एक नीला होती,
ती कधी काही आणत नसे, डबासुद्धा.

हा तुकडा भोसरीच्या एका टर्नरचा.
आतड्याचं ऑपरेशन. गाठीबरोबर जे निघालं
त्यातलं कुणालाच नको होतं ते आम्ही मागून घेतलं.
सहीला मीच गेले होते.
सोपानराव गव्हाणेंनी फॉर्म दोनदा वाचला,
मग विचारलं, "कशावर बसवणार?"
दोन तारांवर.
"जाडी?"
चाळीस मायक्रॉन.
चष्मा वर सरकवून त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.
"मग हात चांगला असणार तुमचा."
सहा वर्षं झाली मला इथे,
हे कुणी म्हटलं नव्हतं.

सूक्ष्मदर्शकाखाली कडं ओवलं.
सदतीस अंशांचं खारं पाणी, त्यात बुडबुडे,
म्हणजे तिला वाटावं अजून आपण कुणाच्या तरी पोटात आहोत.
आधी तिला चिडवायचं असतं.
औषधाचा एक थेंब, आणि ती आवळते,
स्क्रीनवरची रेघ चढत चढत जाते
सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याचा विषय निघाल्यासारखी.

मग फ्रीजरमधली कुपी.
सर नाव घेतात परदेशी वळणाने, ॲनंडमाइड,
पण आत आपलाच शब्द बसलाय, आनंद,
बाहेरगावी जाऊन आडनाव बदलून आलेला.
गांजाच्या भावकीतला. म्हणून घरी सांगितलेलं नाही
मी नेमकं काय मोजते ते.
सांगायचं तरी कसं, की हा शेतात पिकत नाही, आई,
तुमच्याही अंगात होतो,
पेशीच्या भिंतीतल्या चरबीतून,
लागेल तेव्हा, लागेल तेवढा,
परवाना नाही, कोठार नाही.
आणि आपल्याकडे श्रीखंडाचा रिकामा डबा
लागेल म्हणून नऊ वर्षं ठेवलेला!

थेंब पडला.
एक मिनिट काही नाही.
मग रेघ उतरायला लागली.
स्नायूंच्या पेशींनी पोटॅशियम बाहेर सोडलं असेल,
कॅल्शियमला दारातच थांबवलं असेल,
किंवा भोवतीच्या मज्जातंतूंनी काही कुजबुजलं असेल.
कुठल्या वाटेने, यावर दोन पेपर
एकमेकांशी बोलत नाहीत.
मी फक्त उतरती रेघ पाहते
आणि माझे खांदे कानांपासून खाली येतात.

दर वेळी होतं असं नाही.
मागच्या महिन्यात एका बाईंची रोहिणी
हललीच नाही. मी अंधार पडेपर्यंत थांबले,
थेंब वाढवत गेले.
त्यांचं काय आवळलेलं होतं
हे विचारायला फॉर्मवर रकाना नाही.

दीड महिन्याने ओपीडीबाहेरच्या बाकावर
सोपानरावांनी मला ओळखलं.
"काय म्हणाला आमचा तुकडा?"
सैल झाला, म्हटलं. अर्ध्याहून जास्त.
शेजारी त्यांची बायको, मांडीवर रिपोर्टांची पिशवी,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"चला. कुठे तरी झाला."
ते हसले नाहीत.
"किती वेळ टिकलं?"
दहा-बारा मिनिटं. मग एक एन्झाइम येतं,
सगळं मोडून नेतं.
त्यांनी तळहात पाहिला,
कातडीत जुने धातूचे काळे टिपके,
जॉबचा हिशेब करावा तसा वेळ घेतला.
"दहा मिनिटं पुष्कळ झाली," म्हणाले,
आणि पाठ भिंतीला टेकली.
बायकोने पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली,
जरा सरकली,
मला बसायला जागा केली.

पण माझ्या हातात पुढचा डबा होता,
आणि बर्फ सुटायला लागला होता.