थापा

धुरात डोळे कामाचे नसतात.
हे भोईरने पहिल्या दिवशी सांगितलं,
रबाळे स्टेशनच्या मागच्या पायरीवर
तंबाखू मळता मळता.
डावा हात भिंतीला, उजवा पाइपाला,
आणि मागच्याचा तळवा तुझ्या खांद्यावर.
एक थाप म्हणजे पुढे.
दोन म्हणजे थांब.
तीन म्हणजे फीर मागे.
इचाराचा नाय. भांडाचा त भायेर.

एकोणीस वर्षं तो तळवा माझ्या खांद्यावर होता.
उजवी बाजू जरा उतरलीय तुमची,
असं शर्टाचं माप घेताना टेलर म्हणाला.

रोज काही आगी लागत नाहीत.
ऐरोलीत डब्यात डोकं अडकलेलं पोर,
सानपाड्याला मांजात लटकलेला बगळा,
कोपरखैरण्यात दार आतून बंद, गॅसवर दूध.
आम्ही बाल्कनीतून उतरलो
तर आजीबाई खुर्चीत झोपलेल्या.
जाग्या झाल्या आणि पहिलं काय म्हणाल्या,
तर बूट काढा.
भोईरने काढले.
मोज्याला भोक होतं, त्याचंच त्याला वाईट वाटलं.

घरी मी थापा मारतो.
तुर्भ्याचं शीतगृह असो
की महापेतलं पुठ्ठ्याचं गोदाम,
फोनवर मी एकच सांगतो : कचरा पेटला होता.
वैजयंती बरं म्हणते.
इतक्या वर्षांत तिनं एकदाही विचारलं नाही
की नवी मुंबईत एवढा कचरा करतं कोण.
मृणालीने तिसरीत निबंध लिहिला :
माझे बाबा कचरा विझवतात.
बाईंनी लाल शाईने विचारलं, म्हणजे काय?
तो निबंध स्टेशनच्या कपाटावर चिकटवलाय.
आल्यागेल्याला भोईर वाचून दाखवायचा,
लाल शाईसकट.

मग पावणे. रंगाचा कारखाना, रात्री पावणेदोन.
फुटायच्या आधी ड्रम गुणगुणतात.
एखादी बाई भांडी घासताना गुणगुणते तसे,
अगदी घरगुती.
मी ऐकत राहिलो. खांद्यावर तीन थापा पडल्या.
मी फिरलो, म्हणजे आता तो पुढे
आणि माझा हात त्याच्या पाठीवर,
आणि पुढे शटर, अर्धं खाली सरकलेलं, लाल.
त्यानं ते उजव्या तळव्यानं पेलून धरलं,
मी खालून सरपटत बाहेर पडेपर्यंत.
हातमोजा शटरलाच राहिला.

भोईर आता घणसोलीत असतो.
तळव्याला मांडीची कातडी लावलीय.
म्हणतो, पोरीच्या लग्नात टाळ्या वाजवल्या
त मांडी थोपटल्यासारखा झाला.
आणि हसतो, खोकला येईपर्यंत.
मी रविवारी जातो. तो वाकट्या तळायला लावतो.
शटरचं आम्ही बोलत नाही.
मोज्याच्या भोकाचं बोलतो.

त्या पहाटेचं एक राहिलं.
हॉस्पिटलातून घरी आलो तेव्हा सहा वाजले होते.
टीव्हीवर आमचीच गाडी, आवाज बंद केलेला.
वैजयंती माझ्या डब्यासाठी भाकरी थापत होती,
जसं काही मी आता निघणार होतो, आलो नव्हतो.
मी दारातच उभा. तिनं वर न बघता विचारलं,
कचरा?
मी म्हटलं, कचरा.
परातीतली भाकरी फिरत होती
आणि मी मोजत होतो, नको असताना.
एक. दोन.
तिसरीच्या आत ती उठली,
पिठाचा हात तसाच माझ्या खांद्यावर टेकवला,
उतरलेल्या बाजूला.
एकच.

तिला ही खूण कुणी सांगितली नव्हती,
मी तर नाहीच.
मग मी बोलायला लागलो.
तव्यावरची करपली, तरी ती उठली नाही.