उशिरा आलेलं आमेन

पहिल्या रविवारी पाळकसाहेबांचं फक्त कपाळ दिसलं
आणि मागे गॅस एजन्सीचं कॅलेंडर.
"ऐकू येतंय का?" त्यांनी विचारलं.
घोरपडीतून, खडकीतून, फुलेनगरच्या चाळीतून
चौतीस चौकोन म्हणाले, येतंय, येतंय.
तेव्हापासून उपासना अशीच सुरू व्हायची आमची.
उपासनेच्या पुस्तकात हे वाक्य नाही,
पण त्या वर्षी याहून खरी प्रार्थना
मी कुणाच्या तोंडून ऐकली नाही.

मी पेटी वाजवते. सत्तावीस वर्षं,
वेदीच्या डाव्या अंगाला, पंख्याखाली.
आता पेटी ओट्याजवळ, मोबाईल कुकरला टेकवलेला,
आणि गाणाऱ्यांचे आवाज माझ्या सुरामागून लंगडत,
शाळा सुटल्यावर रेंगाळणाऱ्या पोरांसारखे.
तिसऱ्या रविवारी मीच म्हटलं,
आपापला आवाज बंद करा, आणि गा.
मग नुसते ओठ.
एस्तेरबाई डोळे मिटून, रत्नाकर बनियनवर,
आणि मी एकटी भाता मारत,
अख्ख्या मंडळीला बघत, कुणालाच न ऐकता.

झावळ्यांचा रविवार आला. झावळ्या कुठल्या?
बाजार बंद, नाक्यावर पोलीस.
शीलवंतकाकांनी फोनसमोर खराटा धरला.
"नारळाचाच आहे. वंशावळ तपासून घ्या."
पाळकसाहेबांना हसू आवरेना.
मग पोरांनी काड्या उपसल्या, कुणी कढीपत्त्याची डहाळी,
आणि गॅलऱ्यागॅलऱ्यांतून होसान्ना.
समोरच्या तांबेबाईंनी विचारलं, "सण आहे का तुमचा आज?"
आणि उत्तराची वाट न बघता
दोरीवरचा टॉवेल काढून हलवला.

प्रभुभोजनाला चपाती.
द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुका, रात्रभर भिजवलेल्या,
ज्यांच्याकडे त्याही नाहीत त्यांच्याकडे कोकम.
चालतं का, यावर पंचांमध्ये तासभर वाद.
दीनाबाईंचा फोन साधा, बटणांचा,
सुनेच्या फोनला चिकटवून ठेवलेला,
त्यामुळे आवाज विहिरीतून यायचा.
"अरे, त्याला आपली भूक कळते,
मग कोकम नाही कळणार?"
पुढचा मुद्दा घेतला गेला.

अर्पणाच्या वेळी डब्यात नाणं टाकायचं,
मुद्दाम, खणखणीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं.
जूनमध्ये डबे एकत्र ओतले,
लग्नं थांबल्यामुळे घरी बसलेल्या
बॅन्डवाल्यांच्या अठरा घरांचा किराणा निघाला.
त्यातल्या एकाने फोनवर ट्रम्पेट वाजवून दाखवलं.
स्पीकर फाटला. आम्ही टाळ्या वाजवल्या,
त्याही मुक्या.

हळूहळू उशिराची सवय झाली मला.
आमेन एकदम होत नसे.
आधी रास्ता पेठ, मग खडकी, मग दीनाबाईंची विहीर,
सगळ्यात शेवटी शीलवंतकाका.
त्यांच्या गल्लीत रेंज नव्हती,
गच्चीवर टाकीला पाठ लावून बसायचे.
संपलं असं वाटायचं, कुणी कुणी निघूनही जायचं,
आणि मग, वाहत्या पाण्याच्या आवाजासकट,
आमेन.

सप्टेंबरात त्यांचा चौकोन वॉर्डातून उघडला.
तोंडावर मास्क, ओठ दिसेनात.
मी सूर धरून थांबले.
त्यांनी दोन बोटं उचलली. तेवढंच.
पुढच्या रविवारी तेहतीस.

दफनाला चौघं. नातवाच्या हातात फोन.
नेट गेलं ते नेमकं माती लोटताना,
चित्र थिजलं. एक फावडं, हवेत.
कुणी फोन ठेवला नाही.
किती वेळ बसलो कोण जाणे त्या फावड्याकडे बघत.
पाळकसाहेब हळूच म्हणाले, "ऐकू येतंय का?"
कुणाला विचारलं, ते मला कळलं नाही.

दारं उघडून आता दोन वर्षं झाली.
पेटी पुन्हा पंख्याखाली.
मंडळी एका सुरात गाते, एकाच वेळी थांबते,
आमेन होतं न होतं तोच
पोरं बाकाखाली चपला शोधतात.
मी भाता लगेच सोडत नाही.
नव्या पाळकांना वाटतं,
सूर लांबवायची खोड आहे बाईंना.
असू दे.
मागच्या आळीत कुणाची तरी टाकी
भरून वाहते आहे.