नकाशाचं पान

पुस्तक तेच. फक्त पुठ्ठा नवा,
आणि चाच्यांच्या जहाजाला वास
आता उद्यमनगरातल्या ऑइलचा.
माझ्याच बोटांचा असणार.

सातवीत इलाही बागवान कप्तान झाला
एका डोळ्यावर फडकं बांधून.
रंकाळ्यात डुंबणारी म्हादू गवळ्याची म्हैस
आमचं गलबत.
समुद्र दोघांनीही पाहिला नव्हता.

तेव्हा नुसत्या तोफा वाचल्या.
आज चष्म्यातून दिसतं,
गोड्या पाण्याचं पिंप
पानागणिक उतरत चाललंय,
आणि बुडणाऱ्या खलाशांना
लेखकानं नावंच दिलेली नाहीत.

पान चव्वेचाळीस, बेटाचा नकाशा : नाही.
शिवणीजवळ दातेरी कड तेवढी.
बिस्किटाच्या डब्यात घालून
संध्यामठापाशी मीच पुरला होता.
एकट्यानं.
त्या पावसाळ्यात मठच पाण्याखाली गेला.

वाचनालयानं कार्ड काढून घेतलं
ते इलाहीचं.
तो काही बोलला नाही.
पाणी उतरलं की खणू, एवढंच म्हणाला.

शेवटचं प्रकरण अजून ठेवलंय.
गंगावेशीत त्याची केळ्यांची गाडी असते,
मी घासाघीस न करता डझनभर घेतो.
काल त्यानं दोन जास्तीची टाकली,
एक डोळा मिटून.